पितळी पाटीवरचं सातवं वाक्य

३ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. एकतीस वर्षांनी पत्र आणि त्यात मोजून चार ओळी. वर 'दादा' नाही, खाली 'तुझा' नाही. वीजबिलाच्या नोटिशीतसुद्धा याहून जास्त माया असते रे. अक्षर मात्र अजून तसंच आहे तुझं, प्रत्येक ओळ उजवीकडे घसरत गेलेली. लहानपणी मी पट्टी मारायचो त्यासाठी, आठवतं?

आधी मुद्द्याचं. तो मजकूर मी वाचलाय. मी नाही वाचणार तर कोण वाचणार? जुन्या डेपोत भुयारी रेल्वेचं संग्रहालय होतंय, आपल्या वेळच्या गाड्यांपैकी उरलेली शेवटची गाडी तिथे कायमची उभी राहणार, आणि तिच्या शेजारच्या भिंतीवर पितळी पाटी लागणार. पाटीवर अकरा वाक्यं आहेत. त्यातलं सातवं तुझं: 'या मार्गावरील एकमेव प्राणघातक अपघात मोटरमनने गार्डच्या घंटेची वाट न पाहता गाडी हलवल्यामुळे झाला.' तुझं नाव कुठेही नाही, मी दोनदा तपासलं. एवढा कशाला अंगाला लावून घेतोस?

मसुदा वर्तमानपत्रात छापून त्यांनी वीस तारखेपर्यंत हरकती मागवल्या, तू पाठवलीस, आणि संग्रहालयाच्या बाईंनी तुला कळवलं की त्या गाडीचा गार्ड हयात आहे, त्याने लेखी दिलं तर वाक्य काढू. तेव्हा कुठे तुला भाऊ आठवला. असू दे. कशाने का होईना, आठवला.

बघतो मी. वीस तारखेला अजून पुष्कळ अवकाश आहे, डोक्यावर बर्फ ठेव.

आपली गाडी आता बघशील तर तोंडात बोट घालशील. दोन महिने घासतायत तिला. वेताची बाकं नव्याने विणून घेतली, खिडक्या खाली ओढायचे चामडी पट्टे बदलले, दाराच्या पितळी मुठी अशा चमकतायत की त्यात दाढी करावी. पण वास तोच आहे. ब्रेक तापल्यावर यायचा ना, करपट आणि जरासा गोडसर, तो लाकडात मुरलाय. मी आत गेलो आणि खाली बसलो, उठवेना. रडलो म्हणालास तरी चालेल.

जंक्शनच्या आधी दीड सेकंद दिवे जायचे, तेवढ्या अंधारात पोरंपोरी काय काय उरकून घ्यायची! दिवे आले की सगळ्यांचे चेहरे कसे साळसूद. नव्या गाडीत दिवे जातच नाहीत. एक बाई सारखी बोलत असते, दार डावीकडे आहे, पाऊल जपून टाका, सामान विसरू नका. सासू बरी.

तब्येतीला जप.

तुझा दादा


९ मार्च

धाकट्या,

'देणार की नाही?' एवढंच लिहायला पाकीट आणि तिकीट खर्च केलंस. आधीपासूनच असा आहेस तू, एक घाव दोन तुकडे. मी माणूस गप्पिष्ट, म्हणून लोक माझ्याकडे येतात. आता खरोखरच येतात. हे तुला सांगायचंच होतं.

तुझी वहिनी गेल्याला सहा वर्षं झाली. पोरगा परदेशात, महिन्यातून एकदा फोन करतो आणि मागून त्याची बायको ताटं वाजवत असते. दिवस दिवस माझ्याशी कुणी बोलायचं नाही. दुधवाल्याला मी मुद्दाम सुटे पैसे नाहीत म्हणायचो, तेवढाच तो थांबायचा. आणि मग अचानक हे जुन्या गाड्यांचे शौकीन निघाले! शिकलीसवरलेली माणसं आहेत, गळ्यात कॅमेरे अडकवून फिरतात. त्यांना माझ्या शिट्टीचा आवाज ऐकायचा असतो. त्यांनी माझा आवाज रेकॉर्ड केलाय. संग्रहालयात कानाला लावायचं यंत्र मिळणार, आणि लोक गाडीत शिरले की त्यांना मी ऐकू येणार. बावीस मिनिटं. पोरं मला 'गार्डकाका' म्हणतात.

त्यांना मी आपली युक्तीही सांगितली असती, पण ती काही रेकॉर्डवर घालता येत नाही. दार पूर्ण लागल्यावर घंटा, असा नियम. आपण काय करायचो? वीतभर दार उघडं असतानाच मी दोरी ओढायचो, दोन टोल. तुला तिकडे पुढे दारं कुठे दिसायची, तुला फक्त माझी घंटा. तू ब्रेक सोडायचास, जुना ब्रेक सुटायला दीड सेकंद घ्यायचा, तोवर इकडे दार लागलेलं. बावीस स्टेशनांत अर्धं मिनिट वाचायचं. सबंध मार्गावर वेळेवर पोचणारी जोडी म्हणून आपला फोटो नोटीस बोर्डावर होता, विसरलास? भाऊभाऊ आहेत, म्हणून जमतं यांना, असं सगळे म्हणायचे. दुसऱ्या कुठल्या मोटरमनबरोबर मला ते जमलंच नसतं. दुसरा कुणी एवढा डोळे झाकून भरवसा ठेवता ना.

नवी गाडी बघितलीस का आतून? दार केसभर उघडं असलं तरी जागची हलत नाही. आणि प्रत्येक दार कधी उघडलं, कधी लागलं, सेकंदासकट लिहून ठेवते. चहाडखोर मेली. आपल्या गाडीत असलं काही नव्हतं. आपल्या गाडीत जे व्हायचं ते तिथेच राहायचं. मला ती आवडते त्यात हेही आलं, खोटं कशाला बोलू.

अपघातात गेलेल्या त्या बाईचं म्हणशील, तर ती स्वतः धावत आली होती हे कुणीच लिहीत नाही. धावत्या गाडीकडे धावू नये.

सातव्या वाक्याचं माझ्या लक्षात आहे.

तुझा दादा


१५ मार्च

धाकट्या,

मुलीला पाठवायची काय गरज होती? की ती आपणहून आली? तसं म्हणाली खरी. दारात उभी राहून म्हणते, "काका, मी बसायला नाही आले, सही घ्यायला आलेय." मी तिला पहिल्यांदा बघतोय आणि ही सुरुवात! म्हटलं, आत तर ये बाई, मी काही खात नाही माणसांना.

बसली. भिंतीवरचे फोटो बघत राहिली. मी टोपी घालून गाडीच्या पायरीवर उभा आहे तो फोटो तिने फार वेळ बघितला. कागद टाईप करूनच आणला होता. चार वाक्यं. मी दार लागण्याआधी घंटा दिली, मोटरमनने घंटा ऐकूनच गाडी हलवली, चौकशीत मी खोटं सांगितलं, हे मी स्वखुशीने लिहून देतो. 'स्वखुशीने' वाचून मला हसू आलं. तिला नाही आलं.

मी म्हटलं, "तुझा बाप शिव्या घालत असेल मला."

"नाही घालत. म्हणतात, दादाची पोरं तेव्हा लहान होती."

"मग आता काय झालं?"

"आता तुमची पोरं मोठी झाली, काका."

जीभ तुझ्यावर गेलेली नाही हो, आईवर गेली असणार. मग जरा नरमली. म्हणाली, बाबा कपाटाचं दार लावतानासुद्धा आधी मागे वळून बघतात. आम्ही हसायचो त्यांना. बिस्किटांच्या कारखान्यात खोकी उचलताना ट्रकचं दार लावायची वेळ आली की दुसऱ्याला हाक मारायचे. गेल्या महिन्यात ते वर्तमानपत्र आलं तेव्हा पहिल्यांदा बोलले, जेवता जेवता, आणि ताट तसंच ठेवून उठले. एवढं सांगून ती म्हणाली, "त्यांना तुमच्याकडून दुसरं काही नकोय. एक सही पाहिजे."

मला वाईट वाटलं. दगड नाही मी. चौकशीच्या आदल्या दिवशी डेपोमागच्या नळापाशी मी तुला म्हणालो होतो, तू गप्प बस, मी सांभाळून घेतो, तू सडाफटिंग आहेस, फार तर महिनाभर घरी बसवतील. ते मी मनापासून म्हणालो होतो. तुला थेट काढूनच टाकतील हे मला काय स्वप्न पडलं होतं? आणि नंतर तू खरं सांगायला गेलास तर साहेबांनी तुलाच हाकललं, त्यात माझा काय दोष? मी नुसता उभा होतो.

कागद मी ठेवून घेतलाय. चष्मा सापडत नव्हता, तिला म्हटलं, नीट वाचून सही करून मी स्वतः नेऊन देतो. चष्मा माझ्या खिशातच होता, ती गेल्यावर सापडला. चहा निम्मा टाकून गेली पोरगी. जिन्यावरून खाली उतरताना म्हणाली, "वीस तारीख, काका." मला काय तारखा कळत नाहीत?

दादा


१८ मार्च

धाकट्या,

सही केली. शपथेवर सांगतो, केली. निळ्या शाईने, पूर्ण नावाने, खाली जुना बिल्ला नंबरसुद्धा टाकला.

उद्या बाई बाहेरगावी आहेत, परवा नेऊन देतो. पाकिटाला डिंक लावून तयार ठेवलंय, टेबलावरच आहे, लिहिता लिहिता समोर दिसतंय.

बायकोला आणि पोरीला सांगून टाक. बरं वाटेल त्यांना.

तुझा दादा


२० मार्च

माझ्या धाकट्या,

दिलं रे बाबा! आज सकाळी अकराला बाईंच्या हातात दिलं.

तुला सगळं सांगतो. त्या उभ्यानेच वाचायला लागल्या, मग खुर्चीत बसल्या. चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "एवढी वर्षं कसं हो मनात ठेवलंत?" मी म्हटलं, बाई, मी ठेवलं ते सोपं होतं, माझ्या भावाने ठेवलं ते अवघड. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच पाटी कोरणाऱ्याला फोन लावला माझ्यासमोर, सातवं वाक्य गाळा म्हणून. आता दहाच वाक्यं राहणार. तो कारागीर कुरकुरला, सगळी जुळणी बदलावी लागणार म्हणून, पण बाई ठाम राहिल्या.

आता माझी एक विनंती मान. पाच एप्रिलला उद्घाटन आहे. ये. बायकोला, मुलीला घेऊन ये. पाटी स्वतःच्या डोळ्यांनी वाच. इतक्या वर्षांनी गाडीत बसू दोघं, तू पुढे, मी मागे. मी सगळ्यांना सांगेन की हा माझा भाऊ. तुझ्या नावाने पुढच्या रांगेत तीन खुर्च्या धरून ठेवतो.

नक्की ये. मला फार आनंद होईल.

तुझाच,
दादा


७ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र मी टाईप करतोय. बाईंनी मला संग्रहालयाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर वापरायला दिलाय, आठवणी लिहून काढायला. एका बोटाने चाललंय. सकाळपासून इथपर्यंत पोचलो.

तू आलास तो मी लांबूनच बघितला. नवा शर्ट होता, घड्या न मोडलेला. केस विंचरलेले. बायकोने हाताला धरलं होतं तुला, की तू तिला, ते कळलं नाही. खुर्च्यांवर बसलातच नाही, सरळ भिंतीकडे गेलात. तुझी मुलगी मोठ्याने वाचायला लागली, पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं. आवाज छान आहे तिचा. सहाव्यापर्यंत आली, सातवं अर्धं वाचलं आणि थांबली. तू पुढे वाकलास आणि उरलेलं स्वतः वाचलंस. बोट लावून वाचत होतास. मग 'घंटेची' या शब्दावर बोट तसंच राहिलं. मी गाडीच्या पायरीवर उभा होतो, टोपी घालून, समोर पन्नास-साठ माणसं आणि कॅमेरे. मला पळून जावंसं वाटलं. पण कुठे जाणार, गाडी रुळाला पक्की जखडलेली.

तू गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आलास. म्हणालास, "दादा, दिला होतास ना रे कागद?"

बस, एवढंच विचारलंस. ओरडला असतास तर मला सोपं गेलं असतं. तुला अजूनही वाटत होतं की कोरणाऱ्याची चूक असेल. ते तुझ्या तोंडावर दिसत होतं आणि मला तुझा इतका राग आला! साठीला आलास, तरी तसाच कसा राहिलास?

मुलगी तोंड उघडणार एवढ्यात मी बोलून मोकळा झालो. तुझ्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना सांगितलं, "मंडळी, हे माझे धाकटे बंधू. सातव्या वाक्यातले मोटरमन हेच. त्यांच्या हातून ते घडलं, पण माणूस मनाने वाईट नाही. मी त्यांना कधीच माफ केलंय. तुम्हीही करा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मोठेपणाला वाजवल्या त्या. एक म्हातारी पुढे येऊन तुझ्या गालावर हात फिरवून म्हणाली, होतं हो माणसाच्या हातून. तुझी मुलगी ओरडत होती, "खोटं आहे, हे खोटं बोलतायत," तर चार जणांनी तिला हळूच बाजूला नेलं, बापाच्या दुःखाने पोरगी बावरलीय म्हणून. मला वाटलं तू काहीतरी बोलशील. तू फक्त माझा हात खांद्यावरून काढून ठेवलास. फेकला नाहीस. काढून ठेवलास. आणि मागे वळून बघत बघत दारातून बाहेर गेलास.

आता तुला हवं होतं ते सांगतो. पाटीला आठ स्क्रू बसलेत, भिंतीत मुरलेत, आता सांगायला हरकत नाही.

वीस तारखेला मी पाकीट घेऊन खरंच आलो होतो. बाईंच्या दारापर्यंत. दार किलकिलं होतं. आत त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "आमचे गार्डकाका म्हणजे देवमाणूस." मला देवमाणूस आजवर कुणी म्हटलेलं नाही. तुझ्या वहिनीनेही नाही. मी तसाच वळलो, खाली येऊन गाडीत बसलो, आणि तिथेच मांडीवर कागद धरून तुला पत्र लिहिलं, चष्मा पुसल्याचं आणि डोळ्यांत पाणी आल्याचं. लिहिताना मला खरंच वाटत होतं ते. मीही रडलो.

त्या दिवसाचं ऐक. ती बाई धावत आली नव्हती. ती चालत आली होती, शिवलेल्या कपड्यांचं बोचकं घेऊन, पट्टा मनगटाला गुंडाळलेला. लोकांचे कपडे होते, हरवले तर भरून द्यावे लागले असते, म्हणून गुंडाळला असणार. वीतभर दार उघडं होतं, तिने आधी बोचकं आत ढकललं, आणि दार त्याच्यावरच लागलं. मी घंटा देऊन बसलो होतो. एरवी मी बाहेर डोकं काढून बघायचो, त्या दिवशी फलाटाकडे माझी पाठ होती. आत दोन कारकून बसलेले, त्यांना विनोद सांगत होतो. कुठला ते विचारू नकोस, आठवतो मला, शब्द न् शब्द आठवतो. ते हसले, मीही हसलो, बाहेर लोक ओरडत होते ते मला आमच्याच हसण्यात मिसळल्यासारखं वाटलं. थांबायची घंटा दिली तेव्हा फलाट संपला होता. दार उघडलं तर बोचकं आत आलं. एकटंच.

तू केबिनमधून उतरून पळत आलास. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलास आणि माझ्याकडे बघून म्हणालास, "दादा, घंटा झाली होती ना?" मी म्हटलं, नाही. चौकशीचा, नळाचा, पोरांचा विचार तेव्हा मनात कुठे होता? ते सगळं नंतर सुचलं. तोंडातून पहिला शब्दच तो निघाला. आणि तू मान हलवलीस. मला घंटा ऐकू आल्यासारखं वाटलं, चुकलं असेल, म्हणालास. माझ्या शब्दापुढे तुला स्वतःच्या कानांची खात्री वाटेना. तेव्हाच कळलं मला की हे जमणार.

पोरीने आणलेला कागद मी काल चुलीत घातला. सहीसकट.

आणि हे पत्र घेऊन बाईंकडे धावू नकोस. टाईप केलेलं आहे, खाली सही करत नाही. कुणीही लिहिलेलं असू शकतं, अगदी तूसुद्धा. मला विचारलंच तर मी सुस्कारा सोडेन आणि म्हणेन, बिचाऱ्याचं डोकं त्या अपघातापासून ठिकाणावर नाही. लोक माझं खरं मानतील. का नाही मानणार? तुझंच बघ ना, दोनदा मानलंस.